लक्ष्मीचे विश्वस्त : जमनालाल बजाज

वसुबारसेच्या सायंकाळी गाय-वासराची पूजा होते आणि दीपावलीस आरंभ होतो. पुढे अमावास्येला पेढीपेढीवर लक्ष्मीपूजन होते. नव्या चोपड्यांवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. या दोन्ही पूजांचा अर्थ आचरणात उतरविणाऱ्या वर्ध्याच्या एका व्यापाऱ्याचे स्मरण या मंगल पर्वात आम्ही करीत आहोत.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या एका खेड्यात, गरीब घरी झाला. वर्ध्याचे धनिक शेठ बच्छराज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले. दागिने अंगावर घालण्याच्या निमित्ताने एकदा आजोबा रागावले आणि आपल्या संपत्तीवरून त्यांना टोचून बोलले. सतरा वर्षांच्या त्या मुलाने तत्काळ पत्र लिहून त्या संपत्तीवरील सारा हक्क सोडला व तो नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर पडला. समजूत घालून त्याला परत आणावे लागले. पुढे आजोबांच्या पश्चात ते धन त्यांच्याच हाती आले. परंतु एकदा सोडलेले द्रव्य आपले नव्हे, ते लोकांचे, ही भावना त्यांनी जन्मभर जपली.

व्यापार त्यांनी सोडला नाही, सचोटीने वाढविला. मात्र त्याच्या फळाचे आपण केवळ विश्वस्त आहोत, असे ते मानीत. १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी त्यांनी गांधीजींकडे आपणांस पाचवा पुत्र मानावे, अशी याचना केली. सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी १९२१ मध्ये परत केली आणि १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात कारावास पत्करला. त्यांच्याच आग्रहामुळे विनोबा वर्ध्यास आले. १९३४ मध्ये ग्रामोद्योगांच्या कार्यासाठी त्यांनी आपली बाग दिली. तीच मगनवाडी होय.

द्रव्य देणे एक वेळ सोपे असते. स्वजनांचा रोष पत्करणे कठीण. बच्छराजांनी बांधलेले वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर म्हणजे बजाज घराण्याचे श्रद्धास्थान. १९२८ च्या जुलै महिन्यात जमनालालजींनी त्याचे दरवाजे अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी उघडले. सनातनी मंडळींचा विरोध झाला. तरीही ते डगमगले नाहीत. ज्या देवापुढे आपण हात जोडतो त्याच्या दर्शनास आपलाच बांधव मुकत असेल, तर आपली पूजा पुरी कशी व्हावी, हाच प्रश्न त्या कृतीने समाजापुढे ठेवला, असे आम्हास वाटते.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी गोसेवेचे व्रत घेतले. १९४१ मध्ये गोसेवा संघाची स्थापना झाली. गाईला केवळ माता म्हणून भागत नाही. तिचा चारा, तिची निगा, तिचे दूध यांचा विचार झाला पाहिजे, ही त्या कार्यामागील दृष्टी होती. मोठ्या पेढीचा हा धनी वर्ध्याजवळच्या गोपुरीत साध्या कुटीत राहू लागला. तेच कार्य चालू असता ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. अंगावरचे सोने पूर्वीच उतरविलेल्या त्यांच्या पत्नी जानकीदेवी यांनी गोसेवेची धुरा पुढे वाहिली. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषणाने गौरविण्यात आले.

आज गोपुरीत गीताई मंदिर आहे. त्यात मूर्ती नाही, छतही नाही. विनोबांच्या गीताईचे श्लोक कोरलेल्या उभ्या शिला मात्र आहेत. जमनालालजींच्या स्मृतीस याहून साजेसे स्थान कोणते असणार!

वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपणही चोपडी उघडाल. जमेच्या बाजूस ईश्वरकृपेने पुष्कळ लिहिलेले असो. परंतु एक पान आपल्या हातून घडलेल्या सेवेसाठी राखून ठेवावे, एवढीच आमची विनंती. ते पान कोरे राहिले नाही, तर घरात आलेली लक्ष्मी खऱ्या अर्थाने सुप्रसन्न झाली, असे समजावे.