आधी वापसा, मग तव्यांचा कुळव

मृगाचा पहिला पाऊस झाला की गावात ट्रॅक्टरसाठी ओढाताण सुरू होते. गेल्या वर्षी आमचा नंबर दुसऱ्याच दिवशी लागला. रान ओले होते. अब्बा म्हणाले, "बेटा, दोन दिवस थांब. वापसा येऊ दे." आज सोडला तर ट्रॅक्टर आठवडाभर मिळणार नाही, या भीतीने मी ऐकले नाही. जमीन भारी काळी. तव्यांना चिखल चिकटला, माती फुटण्याऐवजी दाबली गेली आणि ऊन पडताच दगडासारखी ढेकळे झाली. कपाशी विरळ उगवली, नांग्या भराव्या लागल्या. भाडे गेले, बियाणेही गेले.

तव्यांचा कुळव, म्हणजे डिस्क हॅरो, नांगराची जागा घेत नाही. नांगरटीची ढेकळे फोडणे, धसकटे कापून मातीत मिसळणे आणि रान एकसारखे करणे, हे त्याचे काम. साधारण 10 ते 15 सेंटिमीटरपर्यंतची माती तो हलवतो. पुढच्या रांगेतले तवे माती एका बाजूला फेकतात, मागचे ती उलट बाजूला आणतात. तव्यांचा कोन वाढवला की ते खोल जातात, कमी केला की वरवर चालतात.

वापसा ओळखणे सोपे आहे. मूठभर मातीचा गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाका. विखुरला तर ट्रॅक्टर बोलवा. तसाच राहिला तर थांबा. उताराच्या रानात पाळी उताराला आडवी घाला, म्हणजे पाणी माती घेऊन धावत नाही. हरळी किंवा कुंदा असेल तर आधी काशा वेचून काढा. तवे त्यांचे तुकडे करून रानभर पसरवतात आणि तुकड्यातुकड्याला कोंब फुटतो. पाळ्याही गरजेपुरत्याच द्या. माती पिठासारखी झाली की पावसाने तिच्यावर पापडी धरते आणि कोंब वर येत नाही.

आणखी एक गोष्ट, घरातल्या सर्वांसाठी. तवे खोल जावेत म्हणून हॅरोवर माणूस उभा करतात. हे कधीही करू नका. तोल गेला तर तो थेट तव्यांखाली येतो. मुलांना हौसेने मडगार्डवर बसवू नका. अडकलेली धसकटे काढायची तर हॅरो जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करूनच.

यंदा नंबर लागला तेव्हा अब्बांनी गोळा टाकून पाहिला. फुटला नाही. आम्ही तो नंबर शेजारच्या चाचांना दिला. त्यांचे रान मुरमाड, लवकर वापशावर येते. आमचे रान तीन दिवसांनी झाले. माती मोकळी निघाली. अब्बा काही बोलले नाहीत, फक्त मूठभर माती माझ्या हातावर ठेवली.