नव्या संगणकात काय टाकायचे?

महाविद्यालयात नवा संगणक आला की खोके फोडण्याआधीच प्रश्न उभा राहतो: यात काय काय टाकायचे? दुकानदाराचे उत्तर तयार असते, "सर, सगळं टाकून देतो." या 'सगळ्या'त कार्यालयीन कामाचा संच, चित्रे दुरुस्त करण्याची आज्ञावली, दोन-तीन मराठी फॉन्ट आणि एखादा अँटिव्हायरस असतो. त्यातले पुष्कळसे विनापरवाना असते. आम्हांला वाटते, निवडीची सुरुवात इथून नको. हा संगणक कशासाठी घेतला आणि त्यातले काय गेले तर आपली झोप उडेल, हे आधी ठरवावे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या संगणकाचे उत्तर वेगळे. अंतर्गत गुणांच्या याद्या सांभाळणाऱ्या कार्यालयातल्या संगणकाचे वेगळे.

मग धोका येतो कुठून? एखाद्या पेन ड्राइव्हचा दिवस डोळ्यांपुढे आणा. कोल्हापुरातला विद्यार्थी प्रकल्पाचा अहवाल घरी लिहितो, राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात छापायला नेतो आणि तोच पेन ड्राइव्ह दुपारी प्रयोगशाळेतल्या संगणकाला लावतो. दुकानातल्या संगणकाला त्या दिवशी आणखी कितीजणांचे पेन ड्राइव्ह लागून गेले, कोण सांगणार! प्रयोगशाळेत उघडल्यावर फोल्डर तर सगळे दिसतात, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा बाण असतो. हे फोल्डर नव्हेत, त्यांची सोंगे आहेत. खरे फोल्डर व्हायरसने लपवलेले असतात. सोंगावर क्लिक केले की आधी व्हायरस चालतो, मग खरा फोल्डर उघडतो. त्यामुळे संशयच येत नाही. इथे बहुधा माहिती नष्ट झालेली नसते. फोल्डरवरची 'लपलेला' ही खूण काढली की ती पुन्हा दिसू लागते. घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला, तर मात्र आपल्याच हाताने ती जाते.

ही वाट जुनीच आहे. पूर्वी हेच काम फ्लॉपी करत असे. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा व्हायरस फ्लॉपीवरूनच जगभर पसरला. गंमत अशी की आपल्याकडचा उताराही दोन भावांचाच. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणक दुरुस्तीकडे वळले. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढणाऱ्या आज्ञावली लिहिल्या आणि १९९५ साली 'क्विक हील' बाजारात आले.

अँटिव्हायरस चोराला ओळखतो कसा? पहिली पद्धत हाताच्या ठशांची. सापडलेल्या प्रत्येक व्हायरसमधला खास असा तुकडा एका यादीत नोंदवलेला असतो आणि प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून पाहिली जाते. हे वर्गात दाखवता येते. 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी-फाइल आहे. ती व्हायरस नाही, पण बहुतेक सगळे अँटिव्हायरस तिला मुद्दाम पकडतात. तिच्या संकेतस्थळावरून ती अक्षरे घेऊन साध्या मजकुराची फाइल म्हणून साठवा. संगणक तत्काळ ओरडेल. आता मधले एक अक्षर बदलून पुन्हा साठवा. शांतता! यादीत नसलेला नवा चोर असाच निसटतो. म्हणून आजचे अँटिव्हायरस वागणुकीवरही नजर ठेवतात. एखादी आज्ञावली धडाधड शेकडो फाइली बदलू लागली, तर ठसे जुळोत न जुळोत, तिला अडवतात.

विंडोजबरोबर 'डिफेंडर' आलेलाच असतो आणि एका-दोन संगणकांना तो पुरेसा आहे, असे आमचे मत आहे. पंचवीस संगणकांची प्रयोगशाळा एका जागेवरून सांभाळायची असेल तर विकतचा घेण्यात अर्थ आहे. एकावर एक दोन मात्र नकोत. दोघेही प्रत्येक फाइल तपासतात, एकमेकांच्या हालचालींवर संशय घेतात आणि संगणक मुंगीच्या पावलांनी चालू लागतो. पेन ड्राइव्हवर लगाम हवा असेल तर सी-डॅकने तयार केलेले 'यूएसबी प्रतिरोध' पाहावे. ते केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'मार्फत मोफत दिले जाते.

अँटिव्हायरसपेक्षाही मोठे काम साध्या अद्यतनांचे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने दीडशेहून अधिक देशांतल्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा नवा संगणक म्हणून कोणी तीच आवृत्ती देऊ लागला तर घेऊ नये. चोरीची आज्ञावली चालू करून देणारी छोटी फाइल तर पहिली अट घालते ती अँटिव्हायरस बंद करण्याची. पहारेकऱ्याला सुट्टी देऊन अनोळखी माणसाला घरात घेण्यातलाच हा प्रकार. लिब्रेऑफिससारखा मोफत आणि कायदेशीर संच असताना याची गरज काय?

मराठीसाठी युनिकोडच. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्याच क्रमांकावर मराठी आकार बसवलेला असे. तो फॉन्ट नसला की प्रश्नपत्रिकेची अगम्य लिपी होई. युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक २३२५, कुठल्याही संगणकावर तोच. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्स दोन्हींत असतोच, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

विद्यार्थ्यांना साधे खाते द्यावे, प्रशासकाचा पासवर्ड एक-दोन शिक्षकांकडेच असावा. व्हायरसला अधिकार मिळतात ते खातेदाराचेच. साध्या खात्यातून त्याला संगणकभर हात पसरणे अवघड जाते.

उरली गुणांच्या यादीची प्रत. ती बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि घेऊन झाली की डिस्क काढून ठेवावी, कारण लावलेल्या डिस्कलाही खंडणीचा व्हायरस कुलूप घालतो. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत हवी, आणि कोल्हापुरात तरी ती वरच्या मजल्यावर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीसारख्या वस्त्यांत शिरले होते, आणि तळमजल्यावरच्या कपाटात संगणकाशेजारीच ठेवलेली डिस्क संगणकाबरोबरच भिजते.