डिजिटल पियानोवर अर्धं पेडल हवंय?
डिजिटल पियानोसोबत मिळणारं छोटं चौकोनी पेडल बहुतेकदा नुसतं बटण असतं: चालू किंवा बंद. खऱ्या पियानोत पेडल अर्धवट दाबलं की डॅम्पर तारांना अलगद टेकलेले राहतात. वरचे स्वर पटकन विरतात, खर्जातल्या जाड तारा मात्र गुंजत राहतात. डेब्यूसी वाजवताना हेच तर हवं असतं!

त्यासाठी कंटिन्युअस पेडल घ्या. यामाहाचं एफसी३ए किंवा रोलंडचं डीपी-१०; डीपी-१०वरचा छोटा स्विच ‘कंटिन्युअस’कडे सरकवायला विसरू नका. आतली जोडणी कंपनीगणिक बदलते, म्हणून शक्यतो पियानोच्याच कंपनीचं पेडल घ्यावं असं माझं ठाम मत आहे. तुमचं मॉडेल हाफ-पेडल ओळखतं का, हे आधी मॅन्युअलमध्ये बघा. पेडलचा जॅक स्टिरिओ असतो. मध्ये मोनो एक्स्टेन्शन वायर जोडली की अर्धं पेडल गेलंच.

पेडल पियानो बंद असताना जोडा, आणि चालू करताना त्यावर पाय नको. अनेक वाद्यं त्याच क्षणी पेडलची सुटी स्थिती ओळखतात. पाय असला तर सगळं उलटं चालतं.

आता खरी मजा. पियानो यूएसबीने संगणकाला जोडा, मिडी मॉनिटर उघडा आणि कंट्रोलर ६४, म्हणजे पेडलचा आकडा, बघा. साधं पेडल फक्त ० आणि १२७ दाखवतं. कंटिन्युअस पेडल सावकाश दाबलं की मधले आकडे सलग चढत जातात. आकडे नीट चढूनही अर्धं पेडल फार लवकर किंवा उशिरा लागत असेल, तर पियानोटेकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पेडलचा वक्र हवा तसा जुळवता येतो.