बटाट्याची सुगी आणि उत्पादकाची अगतिकता

पुण्या-मुंबईच्या बाजारात ‘आग्र्याचा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बटाट्याचा भाव चढला की पगारदार गृहस्थाचे अंदाजपत्रक कोलमडते आणि महागाईविरुद्ध ओरड सुरू होते. ती अस्थानी नसते. परंतु हाच बटाटा आग्रा, फर्रुखाबाद किंवा बंगालमधील हुगळी जिल्ह्यात जमिनीतून निघतो, तेव्हा उत्पादकाच्या हाती काय पडते, याची चौकशी शहरात सहसा कोणी करीत नाही.

बटाट्याच्या उत्पादनात भारताचा क्रमांक चीनच्या खालोखाल लागतो. देशात वर्षाकाठी साडेपाच ते सहा कोटी टन बटाटा पिकतो. त्यातील बहुतांश पीक रब्बीचे असून त्याची काढणी मुख्यतः जानेवारी ते मार्च या काळात होते. म्हणजे वर्षभर खावयाचा माल दोन-तीन महिन्यांत बाजारावर लोटतो. शिवाय भाव निम्मा झाला म्हणून कोणी दुप्पट बटाटे खात नाही. मागणी अशी ताठर असल्यामुळे पीक थोडे वाढले तरी भाव पुष्कळ कोसळतो. पोळलेला शेतकरी पुढील वर्षी लागवड आखडती घेतो. मग भाव चढतात आणि त्या आशेने लागवड पुन्हा फुगते. या चक्राला अर्थशास्त्रात ‘कोळ्याचे जाळे’ म्हणतात. मॉर्डेकाय इझिकिएल या अर्थतज्ज्ञाने १९३८ मध्ये त्याचे विवेचन केले. जाळे जुने आहे. अडकणारा मात्र दरवर्षी नव्याने अडकतो.

यावर उपाय म्हणून शीतगृहाकडे बोट दाखविले जाते. २ ते ४ अंश सेल्सिअस तापमानात बटाटा नोव्हेंबरपर्यंत टिकतो, हे खरे. परंतु बटाटा थांबू शकला तरी शेतकरी थांबू शकतो काय? बियाण्याची व खतांची उधारी काढणीबरोबरच दारात उभी राहते. समजा, मार्चमध्ये क्विंटलला ६०० रुपये भाव आहे आणि भाडे, बारदान, हमाली, तूट व व्याज मिळून ३५० रुपये खर्च येतो. अशा वेळी ऑक्टोबरात ९५० रुपये मिळाले तरच थांबणे तोट्याचे ठरत नाही. भाव ५०० रुपयांवरच राहिला तर पदरात पडतात अवघे १५० रुपये. २०१७ मध्ये भाव इतके घसरले की आग्रा भागातील अनेक शेतकरी शीतगृहातील माल सोडवून न्यायलाच आले नाहीत. पुढे जानेवारी २०१८ मध्ये लखनौच्या विधानभवनासमोरील रस्त्यावर बटाटे ओतून निषेध व्यक्त झाला.

बंगालमध्ये शीतगृहाच्या पावतीला ‘बाँड’ म्हणतात. गरजू शेतकरी ती पावती व्यापाऱ्याला विकून मोकळा होतो; त्यानंतरची भाववाढ पावती बाळगणाऱ्याची. ग्राहक जो चढा भाव देतो, तो उत्पादकापर्यंत का पोहोचत नाही, याचे एक कारण येथे आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यासानुसार बटाट्यासाठी ग्राहकाने मोजलेल्या रुपयातील सुमारे ३७ पैसे शेतकऱ्याला मिळतात. बाजार कष्टाचे मोल देतो ही समजूत गोड आहे. प्रत्यक्षात तो थांबण्याच्या शक्तीचे मोल देतो.

शासनाचे धोरण या विषमतेला छेद देण्याऐवजी तिच्यात भरच घालते. भाव चढताच हालचाल तातडीने होते. २०१४ आणि २०२४ मध्ये पश्चिम बंगालने परराज्यांत जाणारा बटाटा रोखला. भाव पडतो तेव्हा मात्र पावले जड होतात. २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने क्विंटलला ६५० रुपयांनी खरेदी जाहीर केली. तिने उत्पादनखर्चही निघत नाही, अशी उत्पादकांची तक्रार होती. चढत्या भावाचा लाभ आदेशाने कापावयाचा आणि पडत्या भावाचा तोटा दैवावर सोडावयाचा, याला न्याय्य धोरण कसे म्हणावे?

गव्हासारखी हमीभावाची सरकारी खरेदी हे यावरचे उत्तर नव्हे. नाशवंत मालाचे असे साठे शासनाला झेपणारे नाहीत. उत्पादकाला थांबण्याचे बळ देणे, हाच खरा उपाय होय. २००७ च्या गोदामविषयक कायद्याने पावतीच्या तारणावर कर्जाची वाट अधिक भक्कम केली; ती लहान बटाटा-उत्पादकापर्यंत पोहोचली पाहिजे. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांनी ऊस उत्पादकाला आधी पहिली उचल आणि मागाहून अंतिम हप्ता देण्याची रीत रुजविली. त्या कारखानदारीचे दोष कोणी नाकारीत नाही. तथापि माल ताब्यातून गेल्यावरही पुढील भावात उत्पादकाचा वाटा राहतो, हे तत्त्व मोलाचे आहे. शेतकऱ्यांच्या मालकीची सहकारी शीतगृहे तेच तत्त्व बटाट्याला लावू शकतील.

हे ग्राहकाच्याही हिताचे आहे. यंदा मातीमोल भावाने बुडालेला शेतकरी पुढील वर्षी कमी लागवड करतो, आणि त्याची किंमत अखेर शहरातील पगारदारालाच मोजावी लागते. महागाईविरुद्धची ओरड रास्त आहे. परंतु ती सुगीच्या दिवसांत, भाव कोसळत असतानाही ऐकू आली पाहिजे.