पक्ष सभासदांचा की आमदारांचा?

फेब्रुवारी २०२३मध्ये निवडणूक आयोगाने ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. वर्षभराने ‘राष्ट्रवादी काँग्रेस’ आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाकडे गेले. दोन्ही निकालांचा मुख्य आधार एकच होता : आमदार-खासदारांचे बहुमत कुणाकडे? कोण खरा, कोण गद्दार यावर महाराष्ट्र चावडीपासून चॅनेलपर्यंत भांडला. ज्यांनी वर्षानुवर्षे सतरंज्या उचलल्या, मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरले, त्या सभासदांचा कौल निर्णायक का ठरला नाही, हा प्रश्न मात्र मागेच पडला. आपल्या लोकशाहीचे मोठे दुखणे नेमके तिथे आहे.

पक्ष हवेतच कशाला, असे विचारणारी थोर माणसे आपल्याकडे होऊन गेली. जयप्रकाश नारायण यांनी पक्षविरहित लोकशाहीचा आग्रह धरला. पण आणीबाणीनंतर हुकूमशाहीला मतपेटीतून उत्तर द्यायची वेळ आली, तेव्हा १९७७मध्ये त्याच जयप्रकाशांना विखुरलेल्या विरोधकांना जनता पक्षात एकत्र आणावे लागले. लोकांचा संताप सत्ता बदलण्याइतका संघटित करायचा, तर पक्षावाचून गत्यंतर नसते.

महाराष्ट्राने हे आधीच अनुभवले होते. १९५६मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष तिच्यात आले. आंदोलन रस्त्यावर होतेच. पण १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर धक्का बसला आणि दिल्लीला द्विभाषिक मुंबई राज्याचा फेरविचार करणे भाग पडले. महाराष्ट्राच्या स्थापनेचा, १ मे १९६०चा दिवस उजाडला, त्यात हुतात्म्यांच्या बलिदानाबरोबर गावोगावी बूथ सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांचाही वाटा आहे.

रोजगार हमी योजनेची कहाणी तर प्रत्येक शाळेत शिकवावी अशी आहे. कल्पना काँग्रेसचे वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती असलेल्या या गांधीवादी माणसाने मागेल त्याला काम द्यावे, असा आग्रह धरला. १९७२चा दुष्काळ पडला. खडी फोडणाऱ्या, बंडिंगच्या कामावर राबणाऱ्या मजुरांची गाऱ्हाणी विरोधी पक्षांनी मोर्चांतून आणि सभागृहातून सरकारपुढे मांडली. १९७५मध्ये या योजनेसाठी व्यवसाय कर आला. आजही नोकरदाराच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर. १९७७मध्ये काँग्रेसच्या राजवटीत विधिमंडळाने कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ रोजी तो अमलात आला, तेव्हा सरकार पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) होते. सरकार बदलले, मजुराचा हक्क टिकला. २००५मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला, त्याची वाट महाराष्ट्राने घालून दिली होती. एकाच्या डोक्यातली कल्पना, हजारोंची गरज आणि कायद्याचे कलम यांना जोडणारा दुवा म्हणजे पक्ष.

हा दुवा निखळला कसा? मूळ संविधानात राजकीय पक्षांची व्यवस्था नव्हती. १९८५मध्ये ५२वी घटनादुरुस्ती झाली, दहावे परिशिष्ट आले आणि त्यातून पक्ष संविधानात शिरला तो पक्षांतराच्या निमित्ताने. आमदाराने व्हिप मोडला तर काय, हे कायद्याने ठरवले. पक्षाने सभासदाला विचारले नाही तर काय, याचे उत्तर कायद्यात नाही. १९८९पासून पक्षनोंदणीची तरतूद आहे, पण अंतर्गत निवडणुका प्रामाणिकपणे घ्यायला लावणारी परिणामकारक यंत्रणा नाही. जर्मनीच्या राज्यघटनेने पक्षाचा अंतर्गत कारभार लोकशाही तत्त्वांनुसारच असला पाहिजे, असे बंधन घातले आहे. आपल्या विधी आयोगानेही १९९९च्या १७०व्या अहवालात तशीच शिफारस केली होती. ती अजून कागदावरच आहे.

त्याची किंमत आपण मोजतो आहोत. तालुक्याची कार्यकारिणी वरून जाहीर होते, तिकीट मुंबई-दिल्लीत ठरते, अध्यक्षाची निवड ‘एकमताने’ होते. मग फूट पडली की पक्ष कुणाचा हे ठरवायला विश्वासार्ह सभासदयादी नसते, निवडून आलेली कार्यकारिणी नसते. शिवसेनेच्या निकालात निवडणूक आयोगाने पक्षाच्या घटनेतल्या लोकशाहीच्या अभावावर बोट ठेवले आणि विधिमंडळातल्या बहुमताचा आधार घेतला. सभासद मोजता येत नाहीत, म्हणून आमदार मोजले जातात. आमदारांना वळवणे हाच पक्ष ताब्यात घेण्याचा जवळचा रस्ता होऊन बसतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये स्पष्ट केले, की राजकीय पक्ष आणि विधिमंडळ पक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि व्हिप नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे. हे तत्त्व मोलाचे आहे. पण राजकीय पक्षाचे स्वतंत्र, जिवंत अस्तित्व न्यायालय निर्माण करू शकत नाही. ते काम सभासदांचे आहे.

राजकारण वाईट म्हणून चांगल्या माणसांनी दूर राहायचे, ही सवय आता सोडायला हवी. पटेल त्या पक्षाचे सभासद व्हा, वर्गणी भरा, बैठकीला जा, प्रश्न विचारा. तेवढे जमत नसेल, तर मत मागायला दारात येणाऱ्याला तीन गोष्टी जरूर विचारा : तुमची तालुका कार्यकारिणी कुणी निवडली? हा उमेदवार कुणी ठरवला? तुमच्या सभासदांची यादी कुठे पाहायला मिळेल? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणाऱ्या पक्षालाच लोकशाहीच्या नावाने मत मागण्याचा अधिकार आहे.