भिंतीला कागद लावायचाय? आधी भिंतीला हात लावून बघा

पुण्यात कुणाच्या घरी जाऊन आलं की गावाकडच्या गटांतल्या ताई आम्हाला हमखास विचारतात, की त्या घरात भिंतीला रंग होता का कागद, आणि तो आपल्याला घरच्या घरी लावता येईल का. लावता येतो. दोघी जणी, एक टेबल आणि एक रविवार एवढ्यात एक भिंत होते. पण पैसे वाया कुठे जातात ते आधी सांगतो, कारण ते कागदात जात नाहीत, भिंतीत जातात.

वॉलपेपर म्हणजे शेवटी कागदच. त्याच्या मागे खळ किंवा गोंद असतो, आणि खळ पकडते ती कोरड्या, घट्ट भिंतीला. आता पुण्यातल्या भिंती बघा. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या भिंती वीट-मातीच्या, जमिनीतली ओल त्या वर ओढतात. वस्तीतल्या खोल्यांना कुठे अर्धी वीट, कुठे पत्रा. नव्या इमारतीतही पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत जून ते सप्टेंबर पाणी पीत असते. मोरीला लागून असलेली भिंत तर बाराही महिने ओली. अशा भिंतीला वरून चकचकीत व्हिनाइलचा कागद लावला की आतली ओल बाहेर पडायला वाटच राहत नाही. मग कागदाच्या पाठीमागे काळी बुरशी धरते. घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर ही साधी गोष्ट नाही.

आमच्या गटात एका ताईंनी लेकीला बघायला पाहुणे येणार म्हणून अंतर्गत कर्ज मागितलं होतं, पुढच्या खोलीला कागद लावायला. भिंतीला पोपडे आले होते, ते झाकायचे होते. सभेत दोघी-तिघी म्हणाल्या, पैसे द्यायला हरकत नाही, पण आधी भिंत बघू. बघितली तर पलीकडे मोरी आणि मोरीचा नळ गळका. कागद लावला असता तर दोन महिन्यांत गळून पडला असता आणि हप्ता मात्र वर्षभर चालू राहिला असता. शेवटी थोड्या पैशांत नळ दुरुस्त झाला, भिंत उन्हाळाभर वाळू दिली, आणि पाहुण्यांसाठी समोरच्या कोरड्या भिंतीला कागद लागला. पाहुण्यांना बसायलाही तीच भिंत समोर आली.

भिंत कोरडी आहे का हे कसं कळणार? एक फूट बाय एक फूट प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला थेंब आले तर ती हवेतली दमट. आत थेंब असतील तर कागद आणूच नका. दुसरी परीक्षा तळहाताची. भिंतीवर हात घासा. हाताला पांढरं लागलं तर तो चुना किंवा डिस्टेंपर सुटतोय, त्यावर कागद टिकत नाही, चुन्यासकट खाली येतो. ती भिंत खरवडून, पुसून, प्रायमरचा एक हात द्यावा लागतो. ऑइल पेंट असेल तर पॉलिश पेपरने घासून त्याची चकाकी घालवा. आणि शेणामातीने सारवलेली भिंत असेल तर ती सारवलेलीच ठेवा. ती श्वास घेणारी भिंत आहे, तिला कागद नको. (आम्हाला तर ती कागदापेक्षा देखणी वाटते, पण ते असो.)

सगळे दसरा-दिवाळीच्या आधी घाई करतात. आमचं मत उलटं आहे. तेव्हा भिंती नुकत्या पावसातून उठलेल्या असतात. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ या कामाला चांगला.

आता खरेदी. आपल्याकडे जो रोल सर्रास मिळतो तो २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो, त्याला ५७ चौरस फुटांचा रोल म्हणतात. दहा फूट रुंद, नऊ फूट उंच भिंत धरा. रुंदीला सहा पट्टे लागतात. प्रत्येक पट्टा वर-खाली तीन-तीन इंच जास्त ठेवून साडेनऊ फुटांचा. एका रोलमध्ये असे तीन पट्टे बसतात, म्हणजे दोन रोलांत काम झालं. पण हे साध्या किंवा बारीक नक्षीला. मोठी फुलं घेतली आणि नक्षी दर तीन फुटांनी परत येत असेल तर शेजारच्या पट्ट्याशी फूल जुळवताना एका रोलमधून दोनच पट्टे निघतात, आणि तीन रोल लागतात. फुलांचा हौशीखर्च तो हा. म्हणून पहिल्यांदा लावणाऱ्याने बारीक नक्षी किंवा साधा पोत घ्यावा, आणि चारही भिंती न करता एकच करावी. दुकानात बंद पडलेल्या डिझाइनचे उरलेले दोन-तीन रोल असतात, ते विचारा, स्वस्त मिळतात. मात्र सगळ्या रोलांवरचा बॅच नंबर एकच आहे हे बघून घ्या, नाहीतर रंगात फरक पडतो. ब्रश, कटर, पट्टी, स्पंज यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी आहेच.

पाठीमागे चिकट असलेला स्टिकर कागद सोपा वाटतो, पण तो एकदा चिकटला की सरकत नाही. कपाटाच्या दाराला, फळीला तो ठीक आहे. अख्ख्या भिंतीला नवख्या हाताने खळीचा कागद बरा, कारण ओला असेपर्यंत तो सरकवता येतो. खळीसाठी पाकिटातली पावडर घ्या. मैद्याची घरची खळही हलका कागद धरते, पण तिला कसर लागते. कसर लागू नये म्हणून जुनी माणसं खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, लहान मुलांच्या घरात ते करू नका.

लावताना पहिला पट्टा सगळ्यात महत्त्वाचा. कोपऱ्यावर भरवसा ठेवू नका, घराचा कोपरा सरळ नसतो. कोपऱ्यापासून २० इंचांवर ओळंबा सोडा आणि पेन्सिलीने रेघ मारा. ओळंबा नसेल तर दोऱ्याला जड नट बांधा. त्या रेघेला पट्ट्याची कड लावायची, कोपऱ्याकडे उरलेला इंच शेवटी कापायचा. कागदाला खळ लावल्यावर खळीच्या बाजू एकमेकींवर दुमडून पाकिटावर लिहिलेली मिनिटं थांबा. कागद ओला झाला की फुगतो. थांबलं नाही तर तो भिंतीवर फुगतो आणि फोड येतात. (काही कागदांवर ‘खळ भिंतीला लावा’ असं लिहिलेलं असतं, तिथे थांबायचं नाही.) वरून लावत मधून कडांकडे स्पंज फिरवा. दुसरा पट्टा पहिल्याला कडेला कड भिडवून लावा, एकमेकांवर चढवू नका. कडेला आलेली खळ तेव्हाच ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर तिचा डाग राहतो. कटरचं पातं दर पट्ट्याला मोडून नवं करा. बोथट पातं ओला कागद फाडतं, कापत नाही.

विजेच्या बोर्डापाशी आधी मेन स्विच बंद करा, मग प्लेटचे स्क्रू सैल करून कागदाची कड तिच्याखाली सरकवा. चुलीच्या किंवा गॅसच्या मागच्या भिंतीला कागद लावायचाच नाही. काम झाल्यावर पंखा लावू नका. झटपट वाळला तर सांधे उघडतात. एक रात्र सावकाश वाळू द्या.

भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी विचारा, कागद काढताना रंग निघतो. आणि उरलेला तुकडा टाकू नका. कपाटात गुंडाळून ठेवा, मुलांनी कुठे ओरखडा काढला तर त्यातूनच नक्षी जुळवून ठिगळ लावता येतं.