बोरिवलीचे रान आणि फुलांचे छायाचित्रण

उष्ण कटिबंधातली झाडे थंड देशात जगवायची तर काचघर बांधावे लागते. लंडनच्या क्यू उद्यानातले पाम हाउस १८४८ मध्ये पुरे झाले. आतले ताडमाड गारठू नयेत म्हणून त्याच्या तळघरात बॉयलर बसवले होते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली अजस्र पानांची कुमुदिनी १८४९ साली इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थ येथे पहिल्यांदा फुलली, तेव्हा त्याचा मोठा गाजावाजा झाला. तिकडचे हौशी छायाचित्रकार आजही उष्ण प्रदेशातली फुले टिपायला अशाच काचघरांत जातात. मुंबईच्या उपनगरांना तो खटाटोप करावा लागत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो आणि हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या खाली उतरत नाही. पश्चिमेला बोरिवली आणि पूर्वेला मुलुंड यांच्यामध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. पावसाळ्यात तिथे छायाचित्रकारापुढे काचघरातल्याच अडचणी येतात: दमट हवा, अपुरा उजेड आणि पानांची दाटी. शिवाय वारा आणि पाऊस, जे काचघरात नसतात.

पहिली अडचण बाष्पाची. एसी लोकलमधून किंवा गार खोलीतून आणलेला कॅमेरा जुलैच्या हवेत उघडला की लेन्सवर लगेच धुके धरते. या दिवसांत मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. त्याहून गार असलेल्या कोणत्याही काचेवर पाणी जमणारच. ते पुसून उपयोग होत नाही, कारण काच गार आहे तोवर धुके पुन्हा धरते. कॅमेरा बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून अर्धा तास बाहेरच्या उष्णतेला येऊ देणे हाच खरा उपाय. घरी परतल्यावरचा शत्रू म्हणजे बुरशी. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत पावसाळाभर पडून राहिलेल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागतात आणि कालांतराने काचेवरचा लेप कायमचा खराब होतो. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक स्वस्त आर्द्रतामापक एवढ्यावर काम भागते. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहिला म्हणजे झाले. महागड्या लेन्सच्या आधी हा डबा घ्यावा.

दुसरी अडचण उजेडाची, आणि तिच्यात थोडे गणित आहे. मॅक्रो लेन्सने फूल त्याच्या खऱ्या आकाराएवढे टिपताना एफ ८ या छिद्रावर जेमतेम १ मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. म्हणजे पुंकेसराचे टोक स्पष्ट आले तर पाकळी पुसट होते. छिद्र एफ १६ पर्यंत लहान केले तर ही खोली दुप्पट होते, पण उजेड चौथ्या हिश्शावर येतो. झाडांच्या छायेत, ढगाळ दुपारी, शटर मग इतके मंद होते की कॅमेरा हातात धरून चित्र स्थिर येणे अशक्य. ट्रायपॉड हवा, आणि त्याहून जास्त हवा तो वारा थांबण्याची वाट पाहण्याचा धीर. फ्लॅश वापरायचा तर त्यावर पांढरा कागद किंवा झिरझिरीत कापड धरावे. उघडा फ्लॅश ओल्या पानावर पांढरे डाग पाडतो आणि मागचे रान काळेठिक्कर करतो. पानांवरची चमक मारायला पोलरायझर फिल्टर चांगला, मात्र तोही बराच प्रकाश खातो. ढगाळ आकाशाला नाके मुरडणारे पुष्कळ भेटतात, पण फुलासाठी त्याच्याइतका चांगला प्रकाश नाही. सावल्या मऊ पडतात आणि पाकळीवरच्या शिरासुद्धा दिसतात.

रानातल्या फुलांचे वेळापत्रक पावसाच्या आधीच सुरू होते. मेअखेरीस, पान फुटण्यापूर्वीच, जमिनीतून शेवळाचा तांबूस-तपकिरी कोंब वर येतो. काकडाची आंबट फळे घालून त्याची भाजी होते, म्हणून उपनगरातल्या बाजारात तो ओळखीचा आहे. रानात मात्र वाळक्या पालापाचोळ्यात त्याचा रंग पार मिसळून जातो. उभ्याने, वरून घेतलेल्या चित्रात शेवळ सापडतच नाही. कॅमेरा जमिनीला टेकवून आणि बाजूच्या उजेडाचा फायदा घेऊनच त्याचा आकार वेगळा काढता येतो.

पहिल्या सरींनंतर गवतासारख्या पानांतून पांढऱ्या फुलांचे दांडे उभे राहतात. यांतली एक सफेद मुसळी. तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम. नावातले बोरिवली हे आपलेच. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एच. सांतापाऊ आणि आर. आर. फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात ही जाती नव्याने नोंदवली. पुढे औषधी मुळ्यांसाठी तिची लागवड देशभर झाली, आणि रानातली मुसळी त्याच मुळ्यांपायी उपटली गेली. फोडशीची भाजी याच कुळातली आहे आणि फूल येण्यापूर्वी या सख्ख्या बहिणी ओळखू येणे कठीण. म्हणून छायाचित्रात केवळ पांढरी चांदणी सुंदर येऊन चालत नाही. पुंकेसर समोरून व बाजूने, दांड्यावर फुलांची मांडणी, पानाची कड आणि संपूर्ण झाड अशी चार-पाच चित्रे घेतली तरच नाव ठरवता येते. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ या काळात निघाली. सामान्य माणसाला ती वाचून फूल ओळखणे जड जाई. २००१ मध्ये श्रीकांत इंगळहळीकर यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ आले आणि डोंगर भटकणाऱ्यांच्या हाती छायाचित्रांवरून फूल ओळखण्याचे साधन पडले. फुलाचे चित्र ओळख पटवण्याजोगे असावे, सौंदर्य त्याच्या मागोमाग येते, हा धडा त्या पुस्तकातून घेण्यासारखा आहे.

ऐन पावसात कुंपणांवर, झुडपांवर कळलावी चढते. तिच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या असतात, पुंकेसर आडवे पसरतात आणि स्त्रीकेसर काटकोनात एका बाजूला वाकतो. ही सगळी रचना बाजूने, किंचित खालून पाहिली तरच कळते. कॅमेरा मात्र तिच्या लालभडक रंगाने फसतो. लाल रंग इतका भरून जातो की पाकळीवरची नागमोडी कड आणि शिरा सपाट डागात विरघळतात. एक्स्पोजर अर्ध्या ते पाऊण स्टॉपने कमी केले की तपशील परत येतो. मोबाइलवर फुलाला बोट लावून उजेडाची पट्टी खाली ओढायची, काम तेच. मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडपासून मात्र दूर राहावे. त्यातली कृत्रिम धूसरता नाजूक पुंकेसर सर्रास कापून टाकते. कळलावीचे सर्व भाग, विशेषतः कंद, विषारी असतात, हेही लक्षात असू द्यावे.

आणि मग कारवी. बोरिवलीच्या रानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये बहरली. सात वर्षे नुसती पाने, आठव्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत जांभळ्या-निळ्या तुताऱ्यांचे घोस, पुढच्या पावसाच्या तोंडावर वाळकी फळे फुटून बी उडते आणि ती पिढी संपते. एखाददुसरे झुडूप मधल्याच वर्षी फुलते, आणि सह्याद्रीत सगळीकडे बहराचे वर्ष एकच नसते. कारवीच्या काठ्या एकमेकींशी बांधून, वर माती-शेण लिंपून आदिवासी पाड्यांवर कुडाच्या भिंती करण्याची जुनी रीत आहे. गोरेगावला चित्रनगरीलगत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे ३३ एकरांचे संवर्धन शिक्षण केंद्र आहे. बहराच्या वर्षी तिथल्या पायवाटांवर कारवी पाहायला गर्दी होते. कारवीचा रंग टिपणे भल्याभल्यांना चकवते. फिल्मच्या काळात अशी निळी फुले गुलाबी उतरत, कारण डोळ्याला जवळजवळ न दिसणारा गडद तांबडा प्रकाशही ती परावर्तित करतात आणि फिल्म तो पकडत असे. डिजिटल कॅमेऱ्यात हा दोष कमी झाला. आता गोंधळ होतो तो भोवतालच्या हिरव्या उजेडाचा. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स हिरवा काढायला जाते आणि कारवी उगाच किरमिजी होते. फुलाशेजारी राखाडी कागद धरून एक चित्र घ्यावे आणि घरी त्यावरून रंग जुळवावा.

उद्यानाबाहेरही विषय आहेत. अंधेरीच्या सीप्झ परिसरात आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेची झाडे आहेत. त्यांची पांढरी लोंबती फुले संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी गळतात. वटवाघळे त्यांच्याकडे येतात, तेव्हा चित्र हवे तर अंधार पडतानाच जायला हवे. विक्रोळी-भांडुपच्या खाडीकाठी तिवरांच्या गर्दीत निळसर मारांडी फुलते. घाटकोपरच्या एखाद्या गॅलरीतल्या कुंडीतली हेलिकोनियासुद्धा सरावाला पुरते, कारण तंत्र तेच आहे आणि तिथे वारा अडवता येतो.

चित्राच्या नादात फुलाचे नुकसान होते ते बहुधा नकळत. मागची अडचणीची पाने मोडू नयेत, सुतळीने बाजूला बांधून नंतर सोडावीत. राष्ट्रीय उद्यानात फूल तोडणे किंवा रोप उपटणे हा गुन्हा आहे आणि ठरलेली वाट सोडणे धोक्याचे, कारण हे बिबट्यांचेही घर आहे. घरी आल्यावर तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावे, त्याशिवाय चित्र नोंद म्हणून कुचकामी ठरते. पण सफेद मुसळीसारख्या ओरबाडल्या जाणाऱ्या वनस्पतींचा नेमका पत्ता जाहीर करू नये. मोबाइल बहुधा प्रत्येक चित्रात जागेचे अक्षांश-रेखांश गुपचूप साठवतो. अशी चित्रे कोणालाही पाठवण्याआधी ती माहिती काढून टाकावी.